नवीन द्राक्ष सल्लागाराची पिशवी: ब्रिक्स मीटर, पीएच पेन, भिंग आणि एक डुप्लिकेट बुक, वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगते, हा रिव्ह्यू बागायतदारांसाठी कमी आणि माझ्यासारख्या नुकतंच बीएस्सी अ‍ॅग्री करून प्लॉट व्हिजिट सुरू केलेल्या पोरापोरींसाठी जास्त आहे. या वस्तूंचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचायला गेलं तर सगळे "छान आहे, डिलिव्हरी वेळेत आली" एवढ्यावर संपतात, नाहीतर कोणीतरी मधात भेसळ आहे का ते बघायला मीटर मागवलेलं असतं आणि मधाला चालत नाही म्हणून एक स्टार देऊन मोकळा होतो. आपल्याला हवं ते कोणीच लिहीत नाही. म्हणजे तुम्ही दिंडोरी साईडला कुठेतरी बांधावर उभे आहात, समोरचा माणूस तुमच्या जन्माच्या आधीपासून द्राक्ष पिकवतोय, आणि तो शांतपणे विचारतो "मग मॅडम, काय करायचं सांगा", त्या क्षणाला ही वस्तू उपयोगी पडते का नाही, ते कोणी लिहितं का?

माझं थोडं बॅकग्राउंड देते म्हणजे पुढचं समजेल. राहायला नाशकात, पंचवटीत, आणि प्लॉट सगळे दिंडोरी, निफाड, थोडे पिंपळगावकडचे. सुरुवातीला एका सीनियर सल्लागारांबरोबर, म्हणजे माझ्या सरांबरोबर, मागे मागे फिरले, वही घेऊन, मग त्यांनीच म्हटलं आता तू स्वतःचे प्लॉट घे. पहिल्या काही व्हिजिटला मला सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे "मॅडम, तुमचे सर कधी येणारेत?" यात अपमान करायचा हेतू नसायचा बरं का, त्यांना खरंच वाटायचं की मी असिस्टंट आहे, आधी येऊन मोजमाप घेणारी. आणि गंमत अशी की मलाही आतून तसंच वाटायचं, की खरे सर मागून कुठूनतरी येतील आणि मी काय चुकीचं बोलले ते दुरुस्त करतील.

द्राक्षात ही भीती जरा जास्तच असते, त्याला कारण आहे. एकरी खर्च लाखांत जातो, ऑक्टोबर छाटणीनंतर एक फवारणी चुकीच्या वेळेला झाली किंवा व्हायची राहिली तर सीझन हातातून जातो आणि मग पुढच्या एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत तो माणूस तुमचं नाव घेतो, तेही चांगल्या शब्दांत नाही. एक्स्पोर्टवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा, 2010 च्या सीझनला क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपल्याकडे लिहोसिन म्हणतात त्याचा, रेसिड्यू, म्हणजे मालात राहिलेला अंश, सापडला म्हणून युरोपात आपला माल अडकला होता आणि ज्यांनी तो फटका खाल्लाय ते आजही नवीन माणसाने औषधाचं नाव उच्चारलं की आधी डोळे बारीक करतात. त्यात कृषी सेवा केंद्रवाला फुकट सल्ला देतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पानाचा फोटो टाकला की पंधरा जण पंधरा औषधं सांगतात, तीही फुकट. मग ही पोरगी पैसे कशाचे घेते, हा प्रश्न त्यांना पडणारच आणि मलाही रात्री झोपताना पडायचा.

माझी मावसबहीण पुण्यात एचआरमध्ये आहे, तिला हे सांगितलं तर तिने लगेच निदान करून टाकलं, इम्पोस्टर सिंड्रोम. मग मी वाचलं त्याबद्दल. 1978 साली अमेरिकेत पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी हे पहिल्यांदा मांडलं, त्यांनी नाव दिलं होतं इम्पोस्टर फिनॉमेनन, सिंड्रोम हे नंतर लोकांनी चिकटवलं. त्यांनी अभ्यास केला होता तो खूप शिकलेल्या, आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या बायकांचा, ज्यांना एवढं सगळं करूनही आतून वाटायचं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस पकडले जाऊ. वाचून बरं वाटलं पण मला ते फिट बसेना. त्या बायकांनी करून दाखवलेलं होतं हो! मी काय करून दाखवलं होतं? मी खरोखरच नवीन होते. माझ्या शंकेतला निम्मा भाग बरोबरच होता, मला बऱ्याच गोष्टी येत नव्हत्या. त्यामुळे "स्वतःवर विश्वास ठेव" टाइपचे व्हिडिओ बघून काही होईना, विश्वास ठेवायचा तर कशावर? मला हवं होतं ते म्हणजे त्या शंकेतला खरा भाग कुठला आणि उगाचचा कुठला हे वेगळं करणारं काहीतरी. ते या पिशवीतून मिळालं, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू. आता वस्तूंवर येते.

पहिली वस्तू, हातातला ब्रिक्स मीटर म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. घेताना 0 ते 32 रेंजचा घ्या, ऑनलाइन शोधलं की 58 ते 90 वाला पण दिसतो, फोटो सेम असतो आणि किंमत पण जवळपास सेम, तो मधासाठीचा असतो, द्राक्षात त्याची काडीची मदत नाही. वर जे एक स्टारवाले सांगितले त्यांनी बहुतेक हेच केलेलं असतं, उलट्या बाजूने. एटीसी लिहिलेला बघा, म्हणजे तापमानाची दुरुस्ती तो स्वतः करतो. मला दीड हजाराच्या आत पडला. डिजिटल पण मिळतो पण तो महाग आहे आणि माझ्या मते नव्या माणसाने डिजिटल घेऊच नये, का ते पुढे सांगते.

वापरायला सोपा. झाकण उचलायचं, काचेवर रसाचे दोन थेंब, झाकण टेकवायचं, मध्ये बुडबुडा राहिला तर परत, मग उजेडाकडे धरून डोळ्याला लावायचा, वरचा निळा आणि खालचा पांढरा जिथे भेटतात ती रेघ वाचायची. 1 ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 1 ग्रॅम साखर, एवढं सांगितलं की कोणालाही कळतं. पण मोजण्याआधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य लावायचं, बरोबर छोटा स्क्रूड्रायव्हर येतो त्याने. हे शून्य लावणं मी मुद्दाम बागायतदारासमोर करते. एटीसी असला तरी त्याची पण हद्द असते, साधारण 10 ते 30 डिग्री, आणि आपल्याकडे मार्चच्या दुपारी गाडीच्या डिकीतून काढलेला मीटर त्याच्या बराच वर असतो, त्यामुळे मोजायचं तर सकाळी. आणि एका घडाचा एक मणी खाऊन आकडा सांगणाऱ्यांपासून लांब राहा, घडाच्या वरच्या भागातले मणी गोड असतात, शेंड्याकडचे मागे असतात, उन्हातला घड वेगळा, पानाआडचा वेगळा, सगळीकडचे मणी घेऊन एकत्र चुरगाळून मोजलं तर त्याला अर्थ आहे.

आता मोहाडीच्या पुढे एक प्लॉट आहे, थॉम्पसनचा, मालकांना सगळे नाना म्हणतात म्हणून मीही नानाच म्हणते. त्यांच्याकडे पहिल्यांदा मीटर काढला तर नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, एक मणी तोडला, तोंडात टाकला, जरा थांबले आणि म्हणाले, "सतराच्या पुढं हाये." मी मोजलं. सतराच्या पुढे रेघ. मला एकदम कसंतरी झालं, म्हणजे दीड हजाराची वस्तू आणि चार वर्षांची डिग्री घेऊन मी जे सांगणार ते हा माणूस जिभेने सांगतोय. पण मग मी मीटर नानांच्या हातात दिला, म्हटलं नाना तुम्हीच बघा. त्यांनी बघितला, चष्मा वर करून, परत बघितला, आणि मग त्यांना नादच लागला, ही ओळ बघू, ती ओळ बघू, असं करत आम्ही पार कडेच्या लिंबाच्या झाडाखालच्या ओळीपर्यंत गेलो आणि तिथे पंधराच्या आत. नाना म्हणाले, "ह्या वळीचा मणी मी कधी खातच न्हाई." बास, तिथे माझं काम होतं. जिथे त्यांची जीभ रोज जात नाही तिथे. ती सावलीतली ओळ आम्ही काढणीत वेगळी धरली. एक्स्पोर्टवाले 16 च्या आतला माल घेताना कटकट करतात हे त्यांना माहीतच होतं, ओळ कुठली ते माहीत नव्हतं.

म्हणूनच डिजिटल नको म्हणते. डिजिटलवर तुम्ही आकडा वाचून दाखवता, समोरचा ऐकतो, मान हलवतो. डोळ्याला लावायच्या मीटरमध्ये त्याला स्वतः बघावं लागतं, आणि त्याने बघितलेला आकडा त्याचा होतो, त्यावर तो तुमच्याशी वाद घालत नाही. "सर कधी येणार" हा प्रश्न त्या प्लॉटवर परत आला नाही.

अजून एक फायदा झाला तो माझ्या डोक्यातही नव्हता. माल बघायला आलेल्या एका व्यापाऱ्याने स्वतःच्या मीटरवर मोजून सांगितलं की गोडी अजून कमी आहे, भाव त्याप्रमाणे लावू. बागायतदाराने माझ्याकडे बघितलं. एरवी मी अशा वेळेला गप्प बसले असते, व्यापाऱ्याशी बोलायचं म्हणजे आवाज मोठा लागतो आणि माझा नाहीये. पण मी फक्त म्हटलं, भाऊ, दोन्ही मीटरवर आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून बघूया का. त्याचा शून्याच्या खाली दाखवत होता, म्हणजे प्रत्येक आकडा कमीच येणार. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पडला असेल कधीतरी, आणि भाव काही लगेच वाढवून दिला असंही नाही. पण बोलणं आकड्यावर आलं, आवाजावरून उतरलं, आणि आकड्यावरचं बोलणं मला जमतं.

दुसरी वस्तू, पीएच आणि ईसी (पाणी किती खारं आहे ते सांगणारा आकडा) मोजायचं पेन. याच्यावर माझं प्रेम कमी आहे पण टाळता येत नाही. स्वस्तातलं पिवळं पेन येतं त्याच्याबरोबर बफरच्या दोन पुड्या असतात, 4.01 आणि 6.86 च्या, त्या पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून पेन सेट करायचं. लोक पुड्या फेकून देतात आणि पेन थेट बोअरच्या पाण्यात बुडवतात, मग पेन काहीही बोलतं. टोकाला जो काचेचा बल्ब असतो तो वाळू द्यायचा नाही, टोपीत स्टोरेज सोल्युशनचे थेंब ठेवायचे, ते एकदा कोरडं पडलं की आकडा एका जागी थांबतच नाही, 6.1, 6.4, 6.2, 6.7, आणि बागायतदार तुमच्या खांद्यावरून बघत असतो. अशा वेळेला जे होतं ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.

उपयोग कुठे, तर जीएच्या, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढीच्या औषधाच्या, पाण्याला. जीए अल्कलाइन पाण्यात नीट काम करत नाही, द्रावण 5.5 ते 6.5 च्या मध्ये हवं, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास असतं. घड मोकळा व्हायला जीए मारायचा, तो महागाचा, आणि पाणी न बघता मारला तर निम्मा वाया. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं पण फवारणीचा ब्लोअर भरताना खरंच मोजतं कोण? मी टाकीवर उभी राहून सायट्रिक अ‍ॅसिड थोडं थोडं टाकत मोजायला लावते. हे करताना कोणाला माझ्या वयाशी घेणंदेणं नसतं, सगळे पेनकडे बघत असतात.

ईसीबाबत एक गोची सांगते जी कुठल्याच रिव्ह्यूत नाही. स्वस्त पेनं पाण्यातले क्षार पीपीएममध्ये दाखवतात, पण लॅबच्या रिपोर्टमध्ये ईसी असते. पेन मोजतं ईसीच आणि आतल्या आत एका आकड्याने गुणून पीपीएम बनवतं, आणि हा गुणाकार प्रत्येक कंपनीचा वेगळा, कोणी 0.5 धरतं कोणी 0.7. म्हणजे एकाच पाण्याला एक पेन 500 सांगणार आणि दुसरं 700, आणि पाण्याची ईसी मात्र तीच, 1. मला हे कळेपर्यंत वाटायचं मला मोजताच येत नाही. त्यामुळे पेनला ईसीचा मोड असेल तरच घ्या आणि पीपीएमकडे बघू नका. द्राक्षाला जमिनीची ईसी दीडच्या वर जायला लागली की उत्पादनावर परिणाम सुरू होतो असं पुस्तकात आहे, डॉगरिज खुंटावर कलम केलेली बाग थोडं जास्त सोसते, पण पाणीच खारं असेल तर खतं किती आणि कुठली यावर आधी बोलावं लागतं आणि तिथे पेन हातात असणं बरं.

तिसरी वस्तू भिंग. घडीचं, 10 एक्सचं, धातूच्या फ्रेमचं घ्या, सोनारांकडे असतं तसं, प्लास्टिकचं घेऊ नका. 60 एक्स लिहिलेलं लाइटवालं मिळतं ते मजेशीर आहे पण वाऱ्यावर हलणाऱ्या पानावर फोकस होत नाही, ते घरी टेबलावर ठीक. मोबाइलला लावायचं एक पण मागवलं होतं, ते पैसे गेले असं समजा. थ्रिप्ससाठी पांढऱ्या कागदावर शेंडा झटकायचा आणि भिंगातून बघायचं, पानामागची भुरी, मिलीबगची पिल्लं, सगळ्याला हेच एक पुरतं.

भिंगाची खरी किंमत मला कळली ती नोव्हेंबरात. अवकाळी पडून गेला होता, निफाड साईडचा प्लॉट, छाटणीनंतर महिना उलटलेला, घड बाहेर, म्हणजे डाउनीची, केवडा रोगाची, सगळ्यात वाईट वेळ. पानांवर डाग होते, थोडे पिवळट, तेलकट म्हणावेत असे पण नक्की नाही. बागेचे मालक आप्पा, त्यांचं म्हणणं की चार दिवसांपूर्वी केलेल्या फवारणीचं स्कॉर्चिंग आहे, म्हणजे औषधाने पान भाजलंय, काही करायचं नाही. मला वाटत होतं डाउनी आहे. पानामागे भिंगातून बघितलं तर पांढरं काही नाही, दुपारच्या उन्हात ते दिसतही नाही नीट. आता अशा वेळेला दोन मोह होतात. एक म्हणजे ठामपणे "डाउनीच आहे" म्हणून औषध लिहून देणं, कारण ठाम बोलणारा माणूस हुशार वाटतो. दुसरा म्हणजे "आप्पा तुमचा अनुभव जास्त आहे" म्हणून मान डोलावणं. दोन्हीत माझी सुटका होती, बागेची नव्हती.

मी काय केलं, तर डागांची काही पानं तोडली, पाण्याने शिंपडली, प्लास्टिकच्या पिशवीत ओला कापूस घातला, पिशवीत हवा धरून तोंड बांधलं आणि ती आप्पांच्याच पडवीत ठेवली, अंधारात. म्हटलं आप्पा, आत्ता मी सांगत नाही, डाउनी असेल तर सकाळपर्यंत पानामागे पांढरी बुरशी येईल, स्कॉर्चिंग असेल तर काही येणार नाही, आणि हे भिंग तुमच्याकडे ठेवते. मोटारसायकलवर नाशकात परत येईपर्यंत पोटात गोळा होता, कारण "आत्ता सांगत नाही" हे वाक्य मी क्लायंटसमोर तोवर उच्चारलंच नव्हतं. मला वाटायचं ते म्हणणं म्हणजे दुकान बंद करणं.

सकाळी उजाडायच्या आत फोन. "मॅडम, आलं ना पांढरं." आवाजात काळजी होती पण एक वेगळाच उत्साहपण होता, बघा मी शोधून काढलं असा. फवारणी त्यांनी माझी वाट न बघता त्या सकाळीच घेतली, कुठलं औषध चालेल ते मी फोनवर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची अ‍ॅनेक्स्चर 5 ची, म्हणजे द्राक्षाला चालणाऱ्या औषधांची, यादी उघडून, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बघून सांगितलं, पाठ म्हणून दाखवलं नाही. ती यादी मोबाइलमध्ये ठेवाच, रेसिड्यूच्या बाबतीत स्मरणशक्ती दाखवायला जाऊ नका. आप्पांनी नंतर दोन शेजाऱ्यांना ती पिशवीची युक्ती शिकवली, माझं नाव न सांगता. मला जाम हसू आलं.

तर आता चौथी वस्तू, आणि मला विचाराल तर पिशवीतली सगळ्यात भारी वस्तू हीच. कार्बनवालं डुप्लिकेट बुक, रविवार कारंजाकडच्या स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेलं, साधं, एक पान फाडून देता येतं आणि एक आपल्याकडे राहतं. प्रत्येक व्हिजिटला तारीख, छाटणीनंतरचा दिवस, मोजलेले आकडे, काय करायचं ते, आणि सगळ्यात खाली एक ओळ मी स्वतः सुरू केली, "पुढच्या वेळी बघायचं". जे मला नक्की माहीत नाही ते त्या ओळीत जातं. देठ परीक्षणाचा रिपोर्ट यायचाय, मुळी उकरून बघायचीय, सरांना विचारायचंय, जे असेल ते लिहून मोकळं.

त्या ओळीने माझी जेवढी धाकधूक घालवली तेवढी बाकी तिन्ही वस्तूंनी मिळून नाही घालवली. कारण आधी काय व्हायचं, मला न येणारी एक गोष्ट निघाली की ती पूर्ण व्हिजिटभर डोक्यात भणभणायची आणि जे येतं तेही मी घाबरत घाबरत सांगायचे. आता ती खाली एका ओळीत असते आणि वरचं सगळं मी आवाज न कापता सांगते. बागायतदारही ती ओळ वाचतात, पुढच्या वेळी गेले की पहिला प्रश्न तोच, "ते बघायचं राहिलं होतं त्याचं काय झालं?" सुरुवातीला वाटलं हे आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतोय, पण ज्यांनी हे विचारलं त्यांनीच पुढच्या सीझनला परत बोलावलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर चालणार नाही का, असं एका मैत्रिणीने विचारलं. चालेल, पण तो मेसेज शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. कागद घरात खुंटीला अडकवलेला असतो आणि घरातल्या बाईच्याही नजरेस पडतो, आणि मला दोन ठिकाणी प्लॉटबद्दलचं सगळ्यात चांगलं निरीक्षण काकूंनीच सांगितलंय, ते का कोण जाणे कोणी विचारत नाही.

फीबद्दल पण लिहिते कारण इनबॉक्समध्ये तेच येणार आहे. या वस्तूंनी फी मागायचं धाडस येतं का? नाही येत. थेट सांगते. मीटर हातात असतानाही "एकरी किती घेता" म्हटलं की माझी मान खाली जायची आणि मी म्हणायचे "बघा ना, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या", आणि योग्य वाटेल ते म्हणजे दरवेळी एक पेटी द्राक्षं. आमच्या घरी द्राक्षं काय कमी आहेत का! शेवटी सरांनी एक साधी गोष्ट सांगितली, फी बागेत सांगायचीच नाही, पहिल्या फोनवरच सांगायची, गाडीला किक मारायच्या आधी. फोनवर समोरचा दिसत नाही, आकडा सांगून गप्प बसता येतं. काही जण तिथेच नाही म्हणतात, म्हणू देत, तेवढं पेट्रोल वाचलं. जे हो म्हणतात त्यांच्या बागेत गेल्यावर डोक्यात फक्त बाग असते. यासाठी कुठलीही वस्तू घ्यावी लागत नाही.

खरेदीच्या अनुभवाबद्दल दोन शब्द. मीटर मी ऑनलाइन घेतला, पेन आणि पुड्या नाशकातल्या एका लॅब सप्लायवाल्या दुकानातून. दुकानाचं नाव देत नाही कारण तक्रार आहे. काउंटरवरच्या माणसाने मी विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याबरोबर आलेल्या भावाकडे बघून दिली, जो इंजिनिअर आहे आणि ज्याला द्राक्ष वेलीला येतात एवढंच माहीत आहे. बिल मात्र माझ्या हातात दिलं. वस्तू चांगली निघाली, बदलूनही दिली असती बहुतेक, पण परत त्या पायऱ्या चढायची इच्छा नाही, बफरच्या पुड्या आता मी कुरिअरने मागवते.

रेटिंग द्यायचंच तर ब्रिक्स मीटरला साडेचार, अर्धा कमी कारण बरोबर येणारी प्लास्टिकची पिचकारी पहिल्याच महिन्यात चिरते. पीएच पेनला तीन, तेही सांभाळलं तर. भिंगाला पाच. डुप्लिकेट बुकला काय देणार, साठ-सत्तर रुपयांची वस्तू, पण त्याचा कार्बन मार्चच्या उन्हात गाडीत ठेवला तर पानांना चिकटतो एवढं लक्षात ठेवा.

कोणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना वाटतं की गळ्यात भिंग आणि खिशात पेन दिसलं की बागायतदार साहेब साहेब करतील, त्यांनी पैसे वाचवावेत, इथल्या माणसाने असले खूप बघितलेत, सॅम्पल वाटणारे कंपनीवाले सगळे असेच सजून येतात. मीटर बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिलाच नाही तर तो नुसता दागिना आहे. आणि ज्यांच्याकडे अजून एकही प्लॉट नाही त्यांनी सगळं एकदम घेऊ नका, आधी भिंग आणि बुक घ्या, घरच्यांच्या नाहीतर मामाच्या बागेत लिहायला सुरुवात करा, नाशिक जिल्ह्यात मामाची बाग नाही असा माणूस सापडणं अवघड.

पीएच पेन आत्ता ऑफर दिसली म्हणून पावसाळ्यात घेऊन ठेवायचा विचार असेल तर थांबा, ते वापराविना पडून वाळतं आणि वॉरंटीपण तेवढ्यात संपत येते. छाटणीच्या तोंडावर, सप्टेंबरच्या शेवटी घ्या, आणि घेताना बॅटरीचे जादा सेल तिथेच मागून घ्या, खेडगावात एलआर44 सेल रात्री आठला कुठेही मिळत नाही.